गंज रेडिएटरात दिसतो, तयार होतो इंजिनात
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आणि पीकविम्यावर बोलणारी मंडळी आज या व्यासपीठावर बसलेली आहेत. त्यांचे म्हणणे तुम्ही ऐकालच. आमच्या वाट्याला आलेला विषय जुन्या गाडीचा आहे. सकाळी एका कार्यकर्त्याने विचारलेदेखील, "भाऊ, मेळावा शेतकऱ्यांचा अन् भाषण रेडिएटरवर, हे काय?" उत्तर साधे आहे. गेल्या उन्हाळ्यात तालुक्यातालुक्यांतून ज्या बैठका झाल्या, त्यांत भावाच्या खालोखाल एकच गाऱ्हाणे आमच्या कानावर आले. गाडी गरम होते. पाच-दहा किलोमीटर गेली की उकळते, दर मुक्कामाला बादलीभर पाणी पिते, आणि मिस्त्री म्हणतो की इंजिन बांधावे लागेल.

ही गाडी म्हणजे कोणती, ते तुम्हाला सांगायला नको. वीस-पंचवीस वर्षांची जीप, तिसऱ्या नाही तर चौथ्या हातून घेतलेली. खरिपात तिच्यातून खत-बियाणे येते, वेचणीच्या दिवसांत शेजारच्या गावच्या बाया येतात, ज्वारीची पोती जातात, आणि रात्री-अपरात्री १०८ ची गाडी येईपर्यंत थांबणे शक्य नसले तर अडलेली बाळंतीणही तिच्यातूनच दवाखान्यात जाते. कोरडवाहू गावात अशी गाडी एका घरची असली तरी वापरते सारे गाव. पंधरा वर्षांनंतर तिची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली. म्हणजे जुनी गाडी ठेवणे हीच आता एक उस्तवार झाली आहे. तिच्यात इंजिन बांधण्याचा खर्च आला की माणूस हिशेब करतो, आणि हिशेबाच्या शेवटी एक तर गाडी जाते, नाही तर गोठ्यातले जनावर.

इंजिन बांधणे कधीकधी खरोखरच भाग असते, ते आम्ही नाकारत नाही. पण आम्ही पाहिलेल्या बहुतेक गाड्यांत हा निकाल पाण्याची तोटी उघडून बघण्याआधीच दिला गेला होता. आमची तक्रार आहे ती तेवढ्यापुरती.

आता इंजिनाला पाणी लागते कशाला? डिझेल जाळून जी उष्णता निघते, तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश हिस्सा चाके फिरवायला उपयोगी पडतो. साधारण तेवढाच सायलेन्सरमधून धुराबरोबर बाहेर जातो. उरलेल्यातली बहुतेक उष्णता पाण्याने उचलून रेडिएटरपर्यंत न्यायची आणि वाऱ्यावर सोडायची असते. सिलिंडरच्या भोवती बिडाच्या ठोकळ्यात, ज्याला आपण ब्लॉक म्हणतो त्यात, पोकळ्या ठेवलेल्या असतात. पंप त्या पोकळ्यांतून पाणी फिरवतो. पाणी तापून वरच्या पाइपाने रेडिएटरात येते, बारीक चपट्या नळ्यांतून उतरता उतरता निवते आणि खालच्या पाइपाने परत इंजिनात जाते. दिवसभर हेच चक्र.

रेडिएटरातले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जेवढा फरक, तेवढी उष्णता सुटते. पाणी ९० अंशांवर आहे आणि हिवाळ्यात सकाळी हवा २० अंशांवर आहे, तर फरक ७० चा. मे महिन्यात अकोल्याला पारा ४५ वर गेला की फरक उरतो ४५ चा. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात हिवाळ्याच्या दोन तृतीयांशापेक्षाही कमी काम करतो. नव्या गाडीत एवढी जास्तीची ताकद राखून ठेवलेली असते. जुन्या गाडीत नळ्यांचा तिसरा हिस्सा बुजलेला असला तर दिवाळीला काहीच कळत नाही, आणि अक्षय तृतीयेला गाडी रस्त्यात उभी राहते. म्हणून लोक म्हणतात, "हिवाळ्यात चांगली चालत होती, उन्हाळ्यात बिघडली." बिघाड हिवाळ्यातही होताच, फक्त तेव्हा तो झाकलेला होता.

आम्ही शेतीचे पदवीधर. कॉलेजात पाण्याचे रसायन शिकलो ते ओलिताच्या पाण्यासाठी. पण तेच पाणी तुम्ही जीपमध्ये ओतता, तेव्हा ती विद्या इथेही लागू पडते. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. थंड पाण्यात ते दिसत नाहीत. पाणी तापले की त्यातला काही भाग चुन्यासारखा खाली बसतो. न्हाणीघरातल्या बंबात आतून जी पांढरी खपली धरते, ती हीच. इंजिन म्हणजे चाकावरचा बंबच समजा, फरक एवढाच की त्याच्या पोटात हात घालून घासता येत नाही.

आणि खपली बसते कुठे? जिथे धातू सर्वांत तापलेला, तिथे. म्हणजे नेमके सिलिंडरच्या माथ्याजवळ, जिथून उष्णता उचलण्याची सर्वांत जास्त गरज आहे तिथे. बीड उष्णता जेवढी वाहून नेते, त्याच्या वीसएक पट कमी ही खपली नेते. वहीच्या पुठ्ठ्याएवढी खपली म्हणजे इंजिनाला घातलेली गोधडी.

थोडा हिशेब करू. रोज एक लिटर पाणी पिणारी गाडी महिन्यात तीस लिटर पिते. पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असले तर महिन्याला पंधरा ग्रॅम आणि वर्षाला १८० ग्रॅम. पाणी वाफ होऊन गेले, क्षार मात्र आत राहिले. गळकी गाडी पाण्याने भरून चालवणे हे जमिनीला निचरा न ठेवता खाऱ्या पाण्याचे ओलित करण्यासारखे आहे. ते काय करते, ते पूर्णेच्या खोऱ्यातल्या भावांना विचारा. नांदुरा, शेगाव, तेल्हारा, दर्यापूर या खारपाणपट्ट्यातले पाणी तर नुसते जड नाही, खारट आहे. मीठ लोखंडाला काय करते ते तिथल्या प्रत्येक हातपंपाच्या पाइपावर लिहिलेले आहे.

आता गंजाकडे येऊ. लोखंड गंजायला पाणी लागते आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. तेच पाणी बंद जागेत फिरत राहिले तर त्यातला प्राणवायू लवकरच संपतो आणि गंज मंदावतो. तुम्ही रोज ताजे पाणी ओतता, तेव्हा रोज ताजा प्राणवायू देता. म्हणजे गळती, भर, गंज आणि पुन्हा गळती अशी ही साखळी आहे. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. तो सुटतो, पाण्याबरोबर फिरतो, आणि पहिली अरुंद जागा सापडेल तिथे अडकतो. ती जागा म्हणजे रेडिएटरच्या नळ्या.

इथेच सगळा घोटाळा होतो. जुन्या जीपचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो. तांब्या-पितळेला तांबडा गंज चढत नाही. तुम्ही झाकण उघडता, आत गेरूसारखा गाळ दिसतो, आणि म्हणता की रेडिएटर गंजला. रेडिएटर गंजलेला नसतो. त्याच्यात येऊन पडलेला गंज ब्लॉकचा असतो. तुम्ही रेडिएटर काढून साफ करून आणता, नव्यासारखा करून बसवता, आणि ब्लॉकमधला गाळ तसाच. दोन महिन्यांत तो सगळा खाली उतरून येतो आणि स्वच्छ केलेल्या नळ्या पुन्हा भरतो.

राजूर घाटाच्या खालच्या अंगाला एका भावाची जीप आम्ही अशीच पाहिली. वर्षात दोनदा रेडिएटर उघडून नळ्यांतून पट्टी मारून झालेली. तिसऱ्यांदा उकळायला लागली तेव्हा मिस्त्रीने इंजिनावर बोट ठेवले. भाऊ म्हणाले, "आता काय करू? बैलजोडी काढतो अन् इंजिन बांधतो. नाही तं गाडीच देऊन टाकतो." आम्ही तेलाची पट्टी काढून पाहिली, तेल स्वच्छ. पाण्यात बुडबुडे नाहीत. मग खाली वाकून ब्लॉकच्या बाजूची पाणी सोडायची तोटी उघडली. एक थेंब आला नाही. वर रेडिएटर काठोकाठ भरलेला आणि खाली तोटी कोरडी! तोटी पूर्ण काढून भोकात तार घातली तेव्हा आधी चिकट तांबडा गाळ आला, मग खोकल्यासारखे दोन उबाळे, मग पाणी. ओंजळीने मोजावा एवढा गाळ निघाला, त्यात पापुद्रे होते, चुन्याच्या कपच्या होत्या, आणि कुणी तरी कधी काळी गळती थांबवायला टाकलेल्या हळदीचा गोळाही होता. दोन दिवस धुण्यात गेले. खर्च झाला तो लिंबूसत, नवे पाइप, थर्मोस्टॅट आणि झाकण यांचा. पुढच्या मे महिन्यात ती जीप सात माणसे घेऊन मोताळ्याहून बुलढाण्याला घाट चढून आली. बैलजोडी गोठ्यातच आहे.

हळदीचे सांगतो. ती टाकल्याने बारीक गळती थांबते, हे खरे आहे. रस्त्यात अडकल्यावर घरी पोचायला ती चालेल. पण घरी आल्यावर ती काढली पाहिजे. ती पडल्या पडल्या फक्त भोकच बुजवते आणि नळ्या सोडून देते, असा काही तिला डोळा नाही.

तर गाडी गरम झाली की आधी काय बघायचे? गाडी कधी गरम होते ते बघायचे. मिस्त्रीकडे जाण्याआधी एवढे उत्तर घेऊन जा, अर्धे काम झालेले असेल. उभी असताना किंवा बाजाराच्या गर्दीत रांगताना गरम होते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर वाऱ्याचा दोष. पंख्याचा पट्टा सैल आहे, किंवा पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर कुणी तरी काढून फेकला आहे, किंवा रेडिएटरची जाळी बाहेरून बुजली आहे. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर अर्धा-पाऊण इंच दबावा, त्याहून जास्त नको. उलट, चढावर, भरल्या ओझ्यावर, वेगात असताना गरम होते, तर पाण्याचा दोष, म्हणजे नळ्या बुजल्यात किंवा पंप झिजला. आणि थंडगार इंजिन सुरू केल्याबरोबर दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा टणक होतो, किंवा झाकण काढून ठेवून थंड इंजिन सुरू केले तर पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहतात, किंवा तेल दुधाळ झाले आहे, तर मात्र हेडचे गॅस्केट उडाले असे समजा. तिथे मिस्त्रीचे ऐका. त्या अवस्थेत गाडी ओढत राहिलात तर हेड वाकते, आणि मग खरोखरच इंजिन बांधायची पाळी येते.

जाळीचे दुखणे आपल्या भागातले खास आहे. जिनिंगच्या आवारात, बाजार समितीत, कापसाच्या ढिगाशेजारी गाडी चालू ठेवून तासन् तास उभी करायची, मळणीच्या वेळी ज्वारीच्या भुश्यात उभी करायची. पंखा हवा ओढतो आणि हवेबरोबर सरकीचे तंतू, भुसा, धूळ सारे जाळीत जाऊन बसते. वर डिझेल-तेलाचा ओशटपणा असला की त्याचा नमदा तयार होतो. समोरून बघितले तर दिसत नाही, कारण तो आत दडलेला असतो. रेडिएटरच्या मागून, म्हणजे इंजिनाच्या बाजूने, साध्या नळीने पाणी मारा, तो पुढून बाहेर पडेल. विहिरीच्या मोटारीचा किंवा सर्व्हिस सेंटरचा जोरकस फवारा मारू नका. जाळीचे पातळ पत्रे वाकले की हवा कायमची बंद. दिवाळीनंतरच्या हंगामात महिन्यातून एकदा एवढे केले तरी काही गाड्यांचे दुखणे इथेच संपते.

झाकणाकडे कुणी लक्ष देत नाही. साधे पाणी १०० अंशांला उकळते. बुलढाण्याच्या उंचीवर तर ९८ च्या आसपासच. रेडिएटरचे झाकण आतला दाब धरून ठेवते, आणि दर पौंड दाबाला उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. झाकणावर ७, १३ असा जो आकडा असतो तो याच पौंडांचा. त्याचे रबर कुजले की दाब राहत नाही, आणि एरवी निभावून गेले असते असे पाणी उकळून बाहेर पडते. इंजिन बांधायला काढण्याआधी झाकण बदलून बघायला कुणाची हरकत असावी? मात्र गाडीला जो आकडा असेल तोच घ्या. जास्त पौंडांचे झाकण लावले तर जुना रेडिएटर फाटतो.

खालच्या पाइपावर नजर ठेवून कुणाला तरी ॲक्सिलेटर दाबायला सांगा. पाइप चपटा होत असेल तर पंप ओढतो आहे आणि रेडिएटर पाणी देत नाही, असा त्याचा अर्थ. कधी पाइपाच्या आतली तारेची स्प्रिंग गंजून गेलेली असते, तीही बघा. मग इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर, रेडिएटरच्या तोंडावरून सावकाश हात फिरवा. वरून खाली उष्णता हळूहळू कमी होत गेली पाहिजे. मध्येच थंड पट्टा लागला तर तेवढ्या नळ्या बंद आहेत.

थर्मोस्टॅटचे वेगळे सांगायला हवे, कारण त्याच्यावर आपल्याकडे फार अन्याय होतो. गाडी गरम झाली की पहिला बळी त्याचा. "आपल्या उन्हात याची गरजच नाही," असे म्हणून काढून टाकतात. त्याचे काम इंजिन लवकर तापवून ठरलेल्या तापमानावर ठेवणे हे आहे. तो नसला तर सकाळी इंजिन बराच वेळ थंड चालते, डिझेल जास्त खाते आणि सिलिंडर झिजतात. शिवाय पुष्कळ इंजिनांत तो उघडला की पाण्याची आतली आडवाट बंद होते. तोच काढून टाकला तर ती आडवाट कायम उघडी राहते, काही पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरते, आणि गरम होणारी गाडी आणखी गरम होते. तो चांगला की वाईट हे घरच्या चुलीवर कळते. पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्याने थर्मोस्टॅट आत लोंबता ठेवा, तापवा. त्याच्यावर कोरलेला आकडा बहुधा ८० च्या आसपास असतो. त्या सुमारास तो उघडू लागावा आणि उकळी येईपर्यंत पूर्ण उघडावा. नाही उघडला तर नवा घ्या.

आता धुण्याकडे. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची आणि ब्लॉकची, दोन्ही तोट्या उघडा. ब्लॉकची तोटी गळाली नाही तर ती काढून तारेने भोक मोकळे करा. हे केल्याशिवाय पुढचे सगळे व्यर्थ आहे. गाळ सर्वांत जास्त साठतो तो मागच्या सिलिंडरपाशी, कारण तिथे पाणी सर्वांत मंद. थर्मोस्टॅट काढून ठेवा. पाइप सोडवून साधे पाणी उलट्या दिशेने सोडा, रेडिएटरात खालून वर आणि ब्लॉकमध्ये वरून खाली. ज्या दिशेने गंज अडकला त्याच्या उलट ढकलला तर तो सुटतो. पाणी नितळ येईपर्यंत सोडत राहा. तास लागो, दोन तास लागोत.

मग लिंबूसत. किराणा दुकानात मिळते तेच, म्हणजे सायट्रिक आम्ल. लिटरला ५० ग्रॅम या मापाने पाण्यात विरघळवून भरा. दहा लिटर मावत असेल तर अर्धा किलो. वरच्या पाइपात, रेडिएटरच्या तोंडाशी, नायलॉनच्या जाळीचा तुकडा क्लिपखाली घट्ट दाबून बसवा, म्हणजे सुटलेले पापुद्रे पुन्हा नळ्यांत जाणार नाहीत. झाकण सैल ठेवा, कारण चुना आणि आम्ल भेटले की फेस येतो. रेडिएटरपुढे पोते अर्धवट धरून इंजिन ८० अंशांपर्यंत तापवा आणि अर्धा तास उभ्यानेच चालू ठेवा, काट्यावर नजर ठेवून. काटा जास्त चढला तर पोते काढा आणि इंजिन बंद करा, जाळी गच्च भरली असेल. पूर्ण निवल्याशिवाय ती उघडू नका. शेवटी कोमट झाल्यावर सगळे सोडून द्या. चहासारखे, मग कॉफीसारखे पाणी येईल. दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा, नंतर दहा लिटरला शंभर ग्रॅम खाण्याचा सोडा टाकून पाच मिनिटे फिरवा, म्हणजे उरलेले आम्ल मरेल, आणि पुन्हा धुवा. फार जुना थर असेल तर दोनदा करावे लागते.

कुणी सांगेल की संडास धुण्याचे ॲसिड टाका, एका मिनिटात साफ होईल. खरेच साफ होईल. गंजाबरोबर बीडही खाईल, डाग खाईल, ब्लॉकच्या अंगावर बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्याही खाईल. आणि कुणी धुण्याचा सोडा सांगेल. तो ओशटपणा काढतो, पण इंजिनाचे हेड अल्युमिनियमचे असले तर ते खातो. हेडला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर बीड, नाही चिकटला तर अल्युमिनियम.

एक आधीच सांगून ठेवतो. धुतल्यानंतर काही गाड्या गळू लागतात. म्हणतील, "धुतलं अन् बिघडलं." भोक आधीच पडलेले होते, ते गंजाने बुजवून ठेवले होते एवढेच. ते डाग देऊन बंद करून घ्या. ती गळती राहू दिली तर भर आली, आणि भर आली की बाकी सगळे आलेच.

पाणी कोणते भरायचे? विहिरीचे, बोअरचे, नळाचे नको. बॅटरीत टाकायचे शुद्ध पाणी सर्वांत चांगले. पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन सरी वाहून गेल्यावर टिनाच्या स्वच्छ छपरावरून कॅन भरून ठेवले तर वर्षभराची सोय फुकटात होते. पण एक समज काढून टाका. नुसते शुद्ध पाणी खपली धरत नाही, गंज मात्र धरतेच. म्हणून त्यात कूलंट लागते. "ते तर बर्फाच्या प्रदेशात लागते, आपल्याकडे बर्फ कुठे?" असे आम्हाला पुष्कळांनी विचारले आहे. आपल्याला ते बर्फासाठी नको, त्यातल्या गंजरोधक द्रव्यांसाठी हवे. तीव्र कूलंट असेल तर एक भाग ते आणि दोन भाग पाणी पुरे. डब्यावर तयार मिश्रण लिहिले असेल तर त्यात पाणी घालू नका. हिरवे की गुलाबी यावरून काही ठरत नाही, पण दोन जातींची सरमिसळ करू नका. दोन वर्षांनी बदला, कारण गंजरोधक संपते, रंग मात्र तसाच राहतो.

मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी जास्त. बहुतेक कूलंट एथिलिन ग्लायकॉलचे असते. ते चवीला गोड आणि जातीने विषारी आहे. कुत्रे चाटते, वासरू चाटते, लहान पोर तोंडात घालते. काढलेले कूलंट अंगणात, नालीत, गव्हाणीजवळ सांडू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून उंच ठेवा आणि जिथे जुने ऑइल घेतात त्या वर्कशॉपवाल्याकडे द्या. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर कधीही भरू नका.

आणि रस्त्यात गाडी उकळलीच तर बाजूला घ्या, बंद करा, अर्धा-पाऊण तास हात लावू नका. गरम झाकण उघडून तोंड, छाती भाजलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या वरचे असते, झाकण सुटताच त्याची वाफ होऊन अंगावर येते. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतलेत तर बीड तडकते, आणि तडकलेल्या ब्लॉकला उपाय महागच.

जेवणानंतर मंडपाच्या मागे चिंचेखाली एक जीप उभी केली आहे. तिचा ब्लॉक आपण सगळ्यांसमोर उघडून धुणार आहोत. ज्यांच्या गाड्या गरम होतात त्यांनी त्या सावलीत आणून आत्ताच बंद करून ठेवाव्यात, म्हणजे तोवर निवतील. तालुका कार्यकर्त्यांनी लोहचुंबक, तापमापक आणि तारेचा तुकडा प्रत्येकी एक बरोबर नेण्यासाठी मागून घ्यावा. पाणी आणलेले आहे, बोअरचे कुणी आणू नये.